डॅव्हरॉस: सगळ्यात फुसक्या हजेरीपासून सगळ्यात जबरदस्त हजेरीपर्यंत

निळी_पेटी

'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतल्या डालेकांवर, म्हणजे धातूच्या कवचात बसून दिसेल त्याला मारणाऱ्या परग्रहवासीयांवर, चर्चा खूप होते. त्यांना घडवणाऱ्या बापावर, डॅव्हरॉसवर, मात्र कोणी नीट बोलत नाही, म्हणून हा धागा. रसभंग भरपूर आहे. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं.

क्रम लावताना मी कसोटी एकच धरली: त्या कथेत डॅव्हरॉस किती चांगला आहे? कथा किती चांगली आहे, हा वेगळा प्रश्न. हा माणूस खुर्चीतून उठू शकत नाही, पळू शकत नाही. एक डोळा कपाळावरचा निळा दिवा, आणि चालतो तो एकच हात. त्याच्याकडे हत्यार म्हणजे बोलणं. ज्या लेखकानं त्याला डॉक्टरसमोर, म्हणजे काळात फिरणाऱ्या नायकासमोर, बसवून बोलू दिलं त्याचा डॅव्हरॉस जमला. ज्यानं त्याला डालेकांचा सेनापती केला त्याचा फसला.

पडद्यावरच्या हजेऱ्या मोजून आठ. २०२३ची 'डेस्टिनेशन: स्कारो' मी गणतीबाहेर ठेवतोय. 'चिल्ड्रन इन नीड' या मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी केलेला पाचेक मिनिटांचा विनोदी तुकडा आहे तो. उरल्या सात.

७. डेस्टिनी ऑफ द डालेक्स (१९७९, चार भाग). डॅव्हरॉस झालाय डेव्हिड गुडर्सन. बिचाऱ्याचा दोष थोडा. पहिला डॅव्हरॉस मायकल विशर उपलब्ध नव्हता, म्हणून विशरच्या चेहऱ्यासाठी केलेला चार वर्षांपूर्वीचाच मुखवटा याच्या डोक्यावर चढवला. गाल एकीकडे, तोंड दुसरीकडे. त्यात संहितेनं घात केला. डालेक आणि मोव्हेलान नावाचे यंत्रमानव यांची आरमारं एकमेकांची प्रत्येक चाल आधीच ओळखतात, त्यामुळे कोणीच पहिली गोळी झाडत नाही. ही कल्पना सुरेख आहे. डॉक्टर ती दगड-कागद-कात्री खेळून समजावतो: मोव्हेलान आपापसांत खेळले की दर वेळी बरोबरी, डॉक्टरशी खेळले की हार. पण ही कोंडी फोडायला डालेक डॅव्हरॉसला उकरून काढतात, ते डालेक यंत्रमानव असल्यासारखं गृहीत धरून. चार वर्षांपूर्वी याच लेखकानं, टेरी नेशननं, डब्यात जिवंत प्राणी असतो हे सहा भाग दाखवलं होतं! आणि एका प्रसंगात डॉक्टर डॅव्हरॉसची खुर्ची चक्क ढकलत नेतो. भाजीची हातगाडी हलवावी तशी. तिथेच दरारा संपला.

६. रिझरेक्शन ऑफ द डालेक्स (१९८४). टेरी मलॉयचं पदार्पण, नवा मुखवटा, आवाजात दम. पण कथानकं किती? मोव्हेलानांच्या विषाणूवर उतारा हवा म्हणून नव्वद वर्षं गोठवून ठेवलेल्या डॅव्हरॉसची सुटका. डॉक्टरची नक्कल करून टाइम लॉर्डांच्या, म्हणजे डॉक्टरच्या जातभाईंच्या, परिषदेचे खून. पृथ्वीवर माणसांच्या नकला. लंडनच्या गोदामात काळाचा बोगदा. यातलं एक जरी धड चालवलं असतं तरी पुरे होतं. डॅव्हरॉस बराच वेळ एका खोलीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सुईसारखं यंत्र टोचून गुलाम करतो. डॉक्टर पिस्तूल रोखून समोर उभा राहतो तो प्रसंग उत्तम व्हायला हवा होता. बाहेरच्या गोंधळानं त्याचं लक्ष जातं, दार बंद होतं, विषय संपला.

५. रिमेंब्रन्स ऑफ द डालेक्स (१९८८, चार भाग). शिव्या खायची तयारी आहे. कथा म्हणून ही पहिल्या दोनांत येईल. पण डॅव्हरॉस शेवटच्या भागात काही मिनिटं, तोही पडद्यावरून पडद्यावर बोलणारा.

४. द स्टोलन अर्थ / जर्नीज एंड (२००८). जूलियन ब्लीच. खाली बोलूच.

३. द मॅजिशियन्स अप्रेंटिस / द विचेस फॅमिलियर (२०१५). परत ब्लीच.

२. रेव्हेलेशन ऑफ द डालेक्स (१९८५). मलॉयचं सर्वोत्तम काम.

१. जेनेसिस ऑफ द डालेक्स (१९७५, सहा भाग). यावर वाद घालणाऱ्यांचं स्वागत आहे, पण निकाल लागलेला आहे.

---

उकडीचा_डालेक

निकाल लागलेला आहे म्हणे! मग धागा कशाला काढला? :)

क्रम बराचसा पटला, पण कसोटी आणि यादी यांचं जुळत नाही. डॉक्टरसमोर बसून बोलणं हीच कसोटी असेल तर २०१५चा जोडभाग पहिला यायला हवा. त्यात दुसरं आहेच काय? दोन म्हातारे एका खोलीत, आणि मध्ये चाळीस वर्षांचं वैर. 'रेव्हेलेशन'मध्ये तर डॉक्टर आणि डॅव्हरॉस समोरासमोर येतात ते दुसऱ्या भागात, तेही फार उशिरा. तुमच्याच फूटपट्टीनं ती पाचवी-सहावी.

---

निळी_पेटी

@उकडीचा_डालेक, बरोबर पकडलंत. कसोटी सुधारून घेतो: डॅव्हरॉस कोणाशीही बोलत बसलेला हवा. 'रेव्हेलेशन'मध्ये तो टासांबेकर नावाच्या नोकर बाईशी बोलतो. ते डॉक्टरशी बोलण्याइतकंच भारी आहे.

---

पानसुपारी

'रेव्हेलेशन'बद्दल सविस्तर लिहितो, कारण लोक ती 'कॉलिन बेकर डॉक्टर होता त्या काळातली' म्हणून न बघताच बाजूला टाकतात.

नेक्रॉस ग्रहावर 'ट्रँक्विल रिपोज' नावाची संस्था. असाध्य रोग झालेले श्रीमंत लोक औषध सापडेपर्यंत तिथे गोठून पडतात. डॅव्हरॉस तिथे 'थोर उपचारक' म्हणून बसलाय. करतोय काय? कामाच्या मेंदूंचे डालेक, आणि उरलेल्या देहांचं अन्न. ते अन्न आकाशगंगेतल्या दुष्काळाला विकतो. विकणारी कारा त्याची भागीदार, आणि तीच त्याच्यावर मारेकरी पाठवते. म्हणजे इथे तो जगज्जेता नाहीच. हा कारखानदार आहे. माल, नफा, दगाबाज भागीदार, नोकरांची भांडणं.

आता टासांबेकरचा प्रसंग. जोबेल हा मुख्य प्रेतसंस्कारक, टोप घालणारा रंगेल म्हातारा. ती त्याच्यावर जीव टाकते, तो तिला झिडकारतो. डॅव्हरॉस हे सगळं पडद्यावर बघत बसलेला असतो, शेजारी खिडकीतून बघतात तसा. तिला बोलावतो. आधी गोड बोलतो, मग जोबेलनं केलेला अपमान आठवून देतो, मग बढतीचं आमिष, मग हुकूम: त्याला मार. ती मारायला जाते आणि तिथे पोचल्यावर जोबेलला सावध करायला लागते. तो परत तिचा अपमान करतो. ती प्रेतात द्रव भरायची सुई त्याच्या छातीत खुपसते. तो पडतो, टोप घरंगळतो. आणि डालेक तिलाही मारतात. डॅव्हरॉसनं जागचं हलायचंही कष्ट घेतले नाहीत. मला वाटतं हे त्याचं सगळ्यात क्रूर काम आहे, २००८मध्ये अख्खं विश्व पुसायला निघाला होता त्याहून.

काचेच्या डब्यात फिरणारं डोकं हा तोतया, खरा डॅव्हरॉस मागून येतो, ही कलाटणी आजही चालते. दिग्दर्शक ग्रेम हार्पर. २००८चा जोडभागही त्याचाच, तेवीस वर्षांनी.

---

कोरा_कागद

काचेचा डालेक विसरलात!

---

पानसुपारी

विसरलो नाही, तिथे डॅव्हरॉस नाही म्हणून गाळला. पण हो. पारदर्शक कवच, आत स्टेंगॉसचं अर्धवट रूपांतर झालेलं डोकं, आणि तो मध्येच डालेकासारखा ओरडतो, मध्येच बापासारखं मुलीला विनवतो, मला संपव. 'डब्यात कोण असतं' याचं इतकं नागडं उत्तर मालिकेनं आधी दिलं नव्हतं.

---

रेडिओवाला

आवाजाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून हा प्रतिसाद.

डालेकाचा आवाज म्हणजे रिंग मॉड्युलेशन. बोलणाऱ्याचा आवाज आणि साधारण ३० हर्ट्झची साधी साइन लहर यांचा गुणाकार. गुणाकार केला की मूळ वारंवारता निघून जाते आणि तिच्या जागी दोन येतात, एक बेरीज आणि एक वजाबाकी. म्हणजे १००० हर्ट्झच्या जागी ९७० आणि १०३०. आवाज सेकंदाला साठ वेळा फुगतो-बसतो, तीच ती घरघर.

डॅव्हरॉस हा अर्धा माणूस, अर्धा डालेक, तसाच त्याचा आवाजही मधला हवा. घरी करून बघणाऱ्यांसाठी:

आवाज मोनोत रेकॉर्ड करा, पातळी निम्म्याच्या आसपास ठेवा. ओरडताना आवाज फाटला की गुणाकारानंतर त्याचा निव्वळ कचरा होतो, आणि तो नंतर निघत नाही. रिंग मॉड्युलेटर ३० हर्ट्झ, लहर साइन. डालेकासाठी पूर्ण प्रक्रिया केलेला आवाज ठेवा, डॅव्हरॉससाठी तीस-चाळीस टक्केच, बाकी कोरा. खर्जातला आवाज असेल तर शब्द गिळले जातात, कारण १०० हर्ट्झचे ७० आणि १३० झाले की स्वराचा पायाच हलतो. अशा वेळी थोडं वरच्या पट्टीत बोला.

पण यंत्र हा चौथा हिस्सा. बाकी सगळं नटाचं. विशर काय करतो ते ऐका: वाक्य जवळजवळ कुजबुजत सुरू करतो, एकेक पायरी चढत जातो, आणि शेवटच्या दोन-तीन शब्दांत किंचाळीपर्यंत पोचतो. तिथे पोचल्यावर तो माणूस राहत नाही, डालेक होतो. डालेक असे का बोलतात याचं उत्तर त्या चढणीत आहे. ती मुलं बापासारखी बोलतात! मलॉय हीच चढण उचलतो, पण सुरुवातच वरून करतो, त्यामुळे 'रिझरेक्शन'मध्ये चढायला जागा उरत नाही. 'रेव्हेलेशन'मध्ये त्यानं खालून सुरुवात केली, आणि फरक बघा. ब्लीच बरोबर उलटा. ओरडण्याऐवजी चघळतो, शब्द तोंडात घोळवतो.

---

ढब्बू_मिरची

रेडिओवाला, दंडवत घ्या. __/\__

मुखवट्याबद्दल थोडी भर. १९७५चा मुखवटा जॉन फ्रीडलँडरचा. विशरचे डोळे झाकलेले, चेहऱ्याचा बहुतेक भाग रबराखाली, म्हणून त्यानं तालमी डोक्यावर कागदी पिशवी घालून केल्या. चेहरा वापरायचाच नाही याची सवय व्हावी म्हणून. मग उरलं काय? आवाज, मानेचा कल, आणि उजवा हात. त्या हाताकडे लक्ष ठेवून 'जेनेसिस' परत बघा. बोटं खुर्चीच्या पट्टीवरच्या कळांवर सतत चाळवत असतात, आणि महत्त्वाचं वाक्य आलं की थांबतात.

आता १९७९चं का बिघडलं. रबराचा मुखवटा चार वर्षं पडून राहिला की कडक होतो, कडा आक्रसतात, घडीवर भेगा जातात. तो डागडुजी करून वापरता येतो, पण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर नाही. असा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसला तरच नटाच्या गालांची हालचाल बाहेर पोचते. सैल बसला की मधली हवा ती हालचाल खाते. गुडर्सन आत काहीतरी करत असणार, बाहेर दिसत नाही. म्हणून निळीपेटींच्या 'दोष थोडा' याला अनुमोदन. २००८चं काम नील गॉर्टनच्या चमूचं. ते ब्लीचच्या चेहऱ्यावरच बेतलेलं, त्यामुळे त्याचा ओठ नुसता मुडपला तरी कळतो.

---

तिरकस

एवढं सगळं वाचून एक साधा प्रश्न. अर्ध्या डालेकाच्या बुडावर बसवलेला, एका बटणावर जिवंत असलेला म्हातारा. कोणीही येऊन बटण बंद करावं. याला घाबरायचं कशाला?

---

निळी_पेटी

@तिरकस, 'जेनेसिस'मध्ये डॉक्टर नेमकं तेच करतो. बटणावर हात ठेवून त्याच्याकडून डालेक नष्ट करायचा हुकूम वदवून घेतो. म्हणजे लेखकालाही तुमचा प्रश्न पडलेला होता.

आणि भीती बटणाची नाहीच. पाचव्या भागातला प्रसंग घ्या. डॉक्टर विचारतो, समजा प्रयोगशाळेत तू एक विषाणू बनवलास, बाकी सगळं जीवन संपवेल असा, तर तो मोकळा सोडशील? डॅव्हरॉस लगेच उत्तर देत नाही. आधी नुसत्या कल्पनेनं खूश होतो, शास्त्रज्ञ कोडं ऐकून खूश होतो तसा. मग तो हात वर येतो. अंगठा आणि बोट यांच्यात जणू काचेची एक कुपी धरलीय. एवढ्याशा दाबानं ती फुटेल, आणि सगळं संपेल. तो त्या रिकाम्या चिमटीकडेच बघत बोलत राहतो, आवाज चढत जातो, आणि शेवटी स्वतःला देवांच्या वर नेऊन बसवतो. त्याला स्वतःबद्दल ही गोष्ट आत्ता, आपल्यासमोर कळते. डॉक्टरला प्रश्न विचारल्याचा पश्चात्ताप होत असणार.

त्यात राजकारणही आलं. शास्त्रज्ञ बंड करतात तेव्हा हा मान झुकवतो आणि म्हणतो, ठीक, मतदान घेऊ. सगळे खूश. मतदान फक्त वेळ काढायला. तेवढ्यात डालेक परत येतात आणि सगळ्यांना उडवतात. त्याआधी स्वतःच्याच कॅलेड शहराचा घुमट कशानं फुटेल याचं सूत्र त्यानं शत्रूला, थालांना, दिलेलं असतं. स्वतःची जात मारून त्याला स्वतःचा प्रयोग वाचवायचा होता.

---

पानसुपारी

आणि शेवट. डालेक बापावरच उलटतात. भस्मासुराची गोष्टच.

---

तिरकस

भस्मासुर नाही. भस्मासुरापासून शंकराला वाचवायला मोहिनी आली होती. इथे डॅव्हरॉस दया मागतो, आणि डालेक सांगतो की असा शब्द माझ्या शब्दसंग्रहात नाही. तो शब्द संग्रहात घालायचा नाही हे ठरवणारा डॅव्हरॉसच. वर देताना यानं सोडवणुकीची वाटच ठेवली नाही.

(हो, पाहिलंय मी सगळं. प्रश्न मुद्दाम विचारला होता.)

---

उकडीचा_डालेक

तिरकसराव, वाटलंच!

तो 'दया' शब्द धरूनच मी २०१५ची बाजू मांडतो. तिथे डॉक्टरची सोबतीण क्लारा डालेकाच्या कवचात अडकते. ती काहीही बोलली तरी बाहेर डालेकांची ठरलेली वाक्यंच येतात. 'मी तुझी मैत्रीण आहे' म्हटलं तरी शत्रूचंच बोलणं. मग तिच्या तोंडून 'दया' येतं आणि डॉक्टर थबकतो: हा शब्द डालेकाला आला कुठून? उत्तरासाठी तो मागे जातो, युद्धभूमीवर हातांच्या सुरुंगांमध्ये अडकलेल्या लहान डॅव्हरॉसकडे. ज्या पोराला तो सुरुवातीला टाकून आला होता, त्याला वाचवतो. १९७५मध्ये जो शब्द नव्हता तो चाळीस वर्षांनी असा पेरला. इतकं बारीक विणकाम कुठल्या खलनायकाच्या वाट्याला येतं?

आणि संवाद. डॉक्टरचा ग्रह गॅलिफ्रे सुरक्षित आहे हे कळल्यावर डॅव्हरॉस डॉक्टरचं अभिनंदन करतो, माणसाला आपले लोक असावेत म्हणतो. डोळे उघडतो, खरे डोळे, सूर्योदय बघायला. दोघं एका विनोदावर एकत्र हसतात.

---

निळी_पेटी

सगळं मान्य. पण ते सगळं खोटं आहे हीच माझी अडचण. डॅव्हरॉस रडतो ते डॉक्टरची पुनर्जन्माची ऊर्जा काढून डालेकांना पाजायला. आवळा देऊन कोहळा. आणि डॉक्टरही ओळखून असतो, म्हणजे त्याचं विरघळणंही खोटं. ती ऊर्जा स्कारोच्या, म्हणजे डालेकांच्या ग्रहाच्या, गटारांत सडत पडलेल्या म्हाताऱ्या डालेकांनाही मिळते, आणि ते वर येऊन सगळं बुडवतात. पहिल्यांदा बघताना थरारक. दुसऱ्यांदा बघताना दोन पत्तेबाज एकमेकांचे पत्ते माहीत असून खेळतायत. 'जेनेसिस'च्या त्या चिमटीत काही खोटं नाही.

शिवाय चाळीस वर्षं डोळे मिटून बसला होता, हे मला पचत नाही.

---

उकडीचा_डालेक

खोटं कितपत हे तुम्ही ठरवलंत. ब्लीच ते असं करतो की योजना खोटी आणि अश्रू खरे, दोन्ही एकाच वेळी शक्य वाटतं. मरायला टेकलेला माणूस खरी गोष्टच आमिष म्हणून वापरतो. खोटी वापरली असती तर डॉक्टर आलाच नसता. डोळ्यांबद्दल मात्र शरणागती. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

कोरा_कागद

डॉक्टर डॅव्हरॉसच्या खुर्चीत बसून चहा पितो. माझ्या मते हा पूर्ण धागा तिथेच संपतो.

---

ढब्बू_मिरची

'रिमेंब्रन्स'वर अन्याय होतोय. काही मिनिटंच आहे हे खरं, पण ती मिनिटं लपवण्यासाठी केलेली उठाठेव बघा. १९६३चं लंडन, डालेकांचे दोन तट भांडतायत. बंडखोर तटाकडे अर्ध्या डालेकासारख्या खुर्चीत, तारांचं शिरस्त्राण घातलेलं कोणीतरी बसलंय. सगळ्यांना वाटतं, झालं, हाच डॅव्हरॉस. खुर्ची वळते तर आत शाळकरी मुलगी. तोवर दुसऱ्या तटाचा सम्राट-डालेक येतो, मोठ्या गोल डोक्याचा. त्याच्या आवाजाचं श्रेय 'रॉय ट्रोमेली' या नावानं दिलंय. अक्षरं उलटसुलट केली की टेरी मलॉय! चौथ्या भागात घुमट उघडतो आणि आत डॅव्हरॉस.

पुढचा संवादही कमी नाही. सिल्व्हेस्टर मॅकॉयचा डॉक्टर त्याला नुसता चिडवत राहतो. डॅव्हरॉस विश्वसत्तेचा पाढा म्हणायला लागतो, तर डॉक्टर मध्येच विचारतो, आणि अमर्याद तांदळाची खीरही का? चिडलेला डॅव्हरॉस 'हँड ऑफ ओमेगा' हे टाइम लॉर्डांचं यंत्र सोडतो, आणि ते जाऊन स्कारोचाच सूर्य फोडतं. बोलणं हेच याचं हत्यार, असं निळीपेटी म्हणतात ना? इथे डॉक्टर तेच हत्यार त्याच्यावर उलटवतो. चौथा क्रमांक द्या, २००८ खाली सरकवा.

---

पानसुपारी

+१. २००८मध्ये अख्खी मालिका एकत्र आणायच्या नादात शेवट फार घाईत उरकलाय. सत्तावीस ग्रह, वास्तव-बॉम्ब, आणि डॉक्टरची सोबतीण डोना चार खटके दाबते की सगळं बंद. त्यात डॅव्हरॉसला झटकाही बसतो आणि तो कोपऱ्यात.

---

निळी_पेटी

खटक्यांचं मान्य. पण त्याआधीचा अर्धा तास काढा बघू. डालेकांनी त्याला तळघरात ठेवलंय, आणि डॉक्टर ते एका नजरेत ओळखतो: तू यांचा मालक नाहीस, पाळीव प्राणी आहेस. ब्लीचचा चेहरा तेव्हा बघा. नवे डालेक त्यानं स्वतःच्या पेशींपासून केले, अंगरखा उघडून बरगड्या दाखवतो. डॉक्टरची जुनी सोबतीण सारा जेन हिला ओळखतो, 'जेनेसिस'च्या वेळचा चेहरा. आणि मग डॉक्टरला आरसा दाखवतो: तू हत्यार धरत नाहीस, तू माणसांची हत्यारं करतोस. त्या क्षणी पडद्यावर डॉक्टरचे सोबती खरोखरच बॉम्ब घेऊन उभे असतात! आरोप आणि पुरावा एकाच चौकटीत. डॉक्टरकडे उत्तर नाही. याच्याइतका वर्मी घाव डॅव्हरॉसनं दुसरीकडे कुठे घातलाय?

चौथा राहील. पण 'रिमेंब्रन्स' पाचव्यावर असूनही खिरीबद्दल एक गुण वाढवतो.

---

शेंगदाणा

नवा आहे इथे. एवढं वाचून बघावंसं वाटतंय. रसभंग झालाच आहे, आता कुठून सुरू करू? सगळं बघायला वेळ नाही.

---

रेडिओवाला

@शेंगदाणा, तीनच बघा. 'जेनेसिस', पंचवीस मिनिटांचे सहा भाग, एका दिवशी दोनच. सलग बघाल तर मधल्या भागांत महाकाय शिंपल्यांपाशी पोचून वैतागाल. ते शिंपले दुर्लक्ष करण्याच्या लायकीचेच आहेत. डॅव्हरॉस पहिल्या भागाच्या शेवटी येतो, धीर धरा. मग 'रेव्हेलेशन', पंचेचाळीस मिनिटांचे दोन. पहिल्या भागाची सुरुवात बर्फातून चालण्यात जाते, ती सहन करा. शेवटी २०१५चा जोडभाग. तो 'जेनेसिस'शिवाय अजिबात बघू नका, त्यातला कळीचा प्रश्न तिथल्याच जुन्या चित्रफितीतून उचललाय.

'रेव्हेलेशन'मध्ये त्याचा हात उडतो, तेवढं लक्षात ठेवा. पुढे ब्लीचच्या वेळी उजवा हात धातूचा का, ते कोणी सांगत नाही.

---

उकडीचा_डालेक

२०२३चा तुकडा गणतीबाहेर ठेवलात, पण त्यावर दोन शब्द हवेत. त्यात डॅव्हरॉस खुर्चीशिवाय, धडधाकट, दोन्ही डोळ्यांचा. अपघाताच्या आधीचा म्हणून नव्हे फक्त; अपंगत्व म्हणजे दुष्टपणा ही जुनी सांगड आता नको, असं मालिकेचा सूत्रधार रसेल टी डेव्हिसनं उघड सांगितलं. त्यावर बराच गदारोळ झाला.

---

तिरकस

गदारोळ करणाऱ्यांनी १९७५ नीट पाहिलेलं नाही. खुर्ची हे दुष्टपणाचं चिन्ह म्हणून तिथे नव्हतीच. ती डालेकाचा पहिला आराखडा होती: स्वतःला जगवायला केलेलं यंत्र त्यानं सगळ्या जमातीवर लादलं. खुर्ची काढली की हा दुवा तुटतो, हा मुद्दा खरा. पण डेव्हिसचाही मुद्दा खरा. भाजलेला चेहरा आणि चाकाची खुर्ची बघून पोरांनी कोणाला भ्यावं, हा प्रश्न पन्नास वर्षांत बदललाय.

---

ढब्बू_मिरची

मला त्या तुकड्यात वेगळीच गोष्ट खटकते. डालेकाला नाव आणि तो पंपाचा रबरी हात डॉक्टरच चुकून देऊन जातो. 'कॅलेड'ची अक्षरं फिरवून 'डालेक', हे डॅव्हरॉसचं स्वतःचं होतं. विनोद म्हणून ठीक, पण बापाकडून बारसंच काढून घेतलं की हो.

---

कोरा_कागद

बारशाला डॉक्टर आत्या.

---

निळी_पेटी

:D

ठीक. 'रिमेंब्रन्स' आणि २००८ यांच्यावर उद्या मतं मोजतो. एका ओळीत क्रमांक लिहा, कारणं नकोत, कारणं झाली. आणि मतदान मी वेळ काढायला घेत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो.